तापट करालीबाबू आणि त्यांची मृत्युपत्रे

प्रश्न : आमच्या घरी सध्या रात्रीच्या जेवणानंतर दूरदर्शनवरची जुनी ‘ब्योमकेश बक्षी’ मालिका पुन्हा पाहणे चालू आहे. त्यातल्या ‘वसीयत’ या भागावरून घरात चांगलेच वाजले. त्यातला श्रीमंत, तापट म्हातारा ज्याच्यावर चिडेल त्याचे नाव मृत्युपत्रातून काढतो आणि दुसऱ्याचे घालतो. मामंजी म्हणतात, असे करताच येत नाही, वारसाचा हक्क जन्मापासूनच असतो. मोठे दीर म्हणतात, कागद कितीही करू दे, रजिस्टर केलेला असेल तोच खरा. जाऊबाईंचे म्हणणे, नवा कागद फाडला की जुना आपोआप चालू होतो. माझी शंका निराळीच आहे. खून करणाऱ्याला वारसा मिळतो तरी का? मिळत नसेल तर या गोष्टींतली माणसे इस्टेटीसाठी खून करतात कशाला? ता. क. – आमच्या चुलत सासऱ्यांनीही वहीच्या पानावर मृत्युपत्र लिहून कपाटात ठेवले आहे. ते चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या घरातल्या कोणालाही शंभर गुण देता येत नाहीत आणि नापासही करता येत नाही. मामंजींचे म्हणणे साताऱ्यात एका प्रकारच्या मालमत्तेला लागू पडते, पण मालिकेतल्या त्या म्हाताऱ्याच्या, म्हणजे करालीबाबूंच्या, कोलकात्यात पडत नाही. दीर कागदाची ताकद भलत्याच ठिकाणी शोधत आहेत. जाऊबाईंचा तर्क सरळ आहे, कायदा मात्र त्याच्या नेमका उलट आहे. तुमची शंका या सगळ्यांत मोलाची, म्हणून ती जरा मागे ठेवू.

आधी मालिकेविषयी थोडे, कारण त्याचा उत्तराशी संबंध आहे. बासू चटर्जी यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका दूरदर्शनवर १९९३ मध्ये आली आणि तिचे दुसरे पर्व १९९७ मध्ये. रजित कपूर ब्योमकेश झाले होते आणि के. के. रैना त्याचा मित्र अजित. ‘वसीयत’ हा भाग शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या ‘अर्थमनर्थम्’ या बंगाली कथेवर बेतलेला आहे. १९३०च्या दशकातले कोलकाता, पैसेवाले करालीबाबू, त्यांच्या आश्रयाला असलेली नातेवाइकांची मुले, आणि एका सकाळी मानेत सुई टोचून मारलेल्या अवस्थेत सापडलेले करालीबाबू. संशय सुकुमारवर येतो आणि त्याच्या बाजूने उभी राहते त्याची बहीण सत्यवती. ब्योमकेशची आणि तिची पहिली भेट ती हीच. पुढे दोघांचे लग्न होते. मालिकेत सत्यवती झाल्या होत्या आपल्या सुकन्या कुलकर्णी, म्हणजे ‘आभाळमाया’तल्या सुधा. खुनी कोण ते इथे सांगत नाही. ज्यांनी भाग पाहिला नाही त्यांचे शाप मला नकोत.

शरदिंदुबाबूंचे एक वैशिष्ट्य मात्र ध्यानात ठेवा. ते कायदा शिकलेले होते आणि काही काळ त्यांनी वकिलीही केली होती. १९३८ मध्ये ते बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईला आले, १९५२ मध्ये पुण्याला स्थायिक झाले आणि १९७० पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, महाराष्ट्रातच राहिले. ब्योमकेशच्या उत्तरार्धातल्या बऱ्याच कथा पुण्यात बसून लिहिलेल्या आहेत. शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या मराठी मुलाच्या गोष्टीही त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. सांगायचा मुद्दा असा, की त्यांच्या कथेत एखादा म्हातारा सतत मृत्युपत्र बदलत असेल तर ‘गोष्टीत काय, काहीही चालते’ असे म्हणून सोडून देता येत नाही. लेखकाला कायदा माहीत होता आणि गोष्टीचा पेच त्याने त्यावरच उभा केला आहे.

आता मामंजींचे म्हणणे. वारसाचा हक्क जन्मापासून असतो, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि ती उगाच आलेली नाही. हिंदू वारशाच्या जुन्या कायद्याच्या दोन मोठ्या परंपरा. एक मिताक्षरा. याज्ञवल्क्य स्मृतीवरची ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली. हे कल्याण ठाण्याजवळचे नव्हे, बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. दुसरी परंपरा जीमूतवाहनाच्या दायभागाची, आणि ती चालली मुख्यतः बंगालात. महाराष्ट्र मिताक्षरेचा. मुंबई, उत्तर कोकण आणि गुजरातेत तिच्या जोडीला नीलकंठ भट्टाच्या व्यवहारमयूखाला मान.

या दोन्हींत मोठा फरक आहे. मिताक्षरेत वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगा जन्मला की त्याचा हिस्साही जन्मतो. बाप त्या मालमत्तेचा एकटा मालक राहत नाही, म्हणून ती सगळीच्या सगळी तो मनाला येईल तशी वाटू शकत नाही. दायभागात तसे नाही. बाप जिवंत आहे तोवर मालक तोच, वडिलोपार्जित असो वा स्वकष्टार्जित. मुलाचा हक्क सुरू होतो बापाच्या मृत्यूपासून, आणि तोही बापाने मागे काही ठेवले असेल तर. कोलकात्यातला श्रीमंत माणूस मृत्युपत्राचा कागद घरच्यांच्या डोक्यावर टांगता ठेवू शकत होता तो यामुळे. साताऱ्यातल्या वाड्याच्या मालकाला त्या काळी हे इतके सोपे नव्हते.

त्यातून करालीबाबूंच्या घरी तर पोटचा मुलगाच नव्हता. होती ती पोसलेली नातेवाइकांची मुले. भाच्याला मामाच्या मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क दायभागातही नाही आणि मिताक्षरेतही नाही. म्हणजे करालीबाबू साताऱ्याला राहत असते आणि पैसा त्यांनी स्वतः कमावलेला असता, तरी ही मृत्युपत्रांची चैन त्यांना करता आलीच असती. मामंजींना एवढे जरूर सांगा, की त्यांचा नियम वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेपुरता आहे. माणसाच्या स्वतःच्या कमाईवर, मग ते घर असो, बँकेतली ठेव असो की शेअर, कोणाचाही जन्मसिद्ध हक्क नसतो, अगदी सख्ख्या मुलाचासुद्धा. वडिलोपार्जित मालमत्तेतही १९५६च्या हिंदू वारसा कायद्यापासून प्रत्येकाला आपल्या अविभक्त हिश्शापुरते मृत्युपत्र करता येते, आणि २००५च्या दुरुस्तीनंतर मुलीही मुलांच्या बरोबरीच्या हिस्सेदार आहेत.

बंगालातला हा अधिकार नुसता कागदावर नव्हता. प्रसन्नकुमार टागोर हे कोलकात्यातले नामांकित वकील आणि मोठे जमीनदार. त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, ज्ञानेंद्रमोहनने, ख्रिस्ती धर्म स्वीकारला. वडिलांनी मृत्युपत्रात त्याला काहीच ठेवले नाही. पुतण्या जतींद्रमोहन याला हयातभर उपभोग दिला आणि त्याच्यामागे कोण, त्याच्यामागे कोण, अशी न जन्मलेल्या पुरुषवारसांची लांबच लांब साखळी इंग्रजी धर्तीवर लिहून ठेवली. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८७२ मध्ये निकाल लागला. जतींद्रमोहनचा हयातीपुरता हक्क टिकला. पुढची साखळी तुटली, कारण मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूच्या वेळी जो जन्मलेलाच नाही त्याला असे दान देता येत नाही. मग ती उरलेली मालमत्ता कोणाची? ज्याला बापाने वगळले होते त्या मुलाची! कोर्टाचे म्हणणे असे, की ‘याला काही द्यायचे नाही’ एवढे लिहून वारस बाद होत नाही. ती मालमत्ता दुसऱ्या कोणाला तरी कायदेशीरपणे द्यावी लागते. नाही दिली, किंवा दिलेली टिकली नाही, की ती वारसाकडेच परत येते. इतका मोठा वकील स्वतःच्याच मृत्युपत्रात चुकला. करालीबाबूंचे तर बोलायलाच नको.

या निकालातून आपल्याकडच्या एका सवयीचाही निकाल लागतो. ‘आमचा मुलगा आमच्या सांगण्यात नाही, त्याच्याशी आमचा कसलाही संबंध नाही’ अशी जाहीर नोटीस लोक वर्तमानपत्रात देतात आणि मुलगा ‘बेदखल’ झाला असे समजून निर्धास्त होतात. त्या नोटिशीने उधारी देणारे सावध होत असतील. वारसा त्याने जात नाही. नोटीस दिली, मृत्युपत्र केलेच नाही, आणि माणूस गेला, तर तोच मुलगा इतर वारसांच्या रांगेत बरोबरीने उभा राहतो. ज्याला वगळायचे त्याच्या नावे एक रुपया तरी ठेवावा लागतो, ही समजूतही अशीच बिनबुडाची आहे.

दीरांची शंका रजिस्ट्रीची. जमिनीच्या व्यवहारात आयुष्य गेलेल्या माणसाला रजिस्टर झालेला कागदच खरा वाटणार, त्यात नवल नाही. पण मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. १९०८च्या नोंदणी कायद्याने ती ऐच्छिक ठेवली आहे. मुद्रांक शुल्कही लागत नाही, साधा कोरा कागद चालतो. म्हणून पहिले मृत्युपत्र थाटात रजिस्टर केलेले असले आणि नंतर त्याच माणसाने घरी बसून साध्या कागदावर, पण रीतसर, दुसरे केले, तर दुसरेच चालते. नियम सगळा तारखेचा आहे. मृत्युपत्र करणारा शुद्धीत आणि सक्षम असेतोवर ते हवे तितक्या वेळा बदलू शकतो, हे १९२५च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम ६२ मध्ये स्वच्छ म्हटले आहे. रागाच्या भरात बदलू नये, असे कुठेही म्हटलेले नाही.

मग नोंदणीचा उपयोग काय? पुराव्याला. सही खोटी, माणूस भ्रमिष्ट होता, असे आरोप पुढे झाले तर नोंदणी झालेला कागद सांभाळायला सोपा जातो. तेवढ्याने तो अभेद्य होत नाही. जिथे परिस्थिती संशयास्पद आहे, उदाहरणार्थ आजारी माणसाची थरथरती सही, किंवा ज्याला सगळे मिळणार त्यानेच मजकूर लिहून घेण्यात पुढाकार घेतलेला, तिथे संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते. सर्वोच्च न्यायालयाने वेंकटाचल अय्यंगार खटल्यात १९५८ मध्ये हे सांगितले आणि मृत्युपत्रांच्या भांडणांत आजही त्या निकालाचे नाव निघते.

मृत्युपत्राचा जीव असतो साक्षीदारांच्या सह्यांत. त्याच १९२५च्या कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ‘ही सही माझी’ असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि मग त्याच्यासमोर स्वतःची सही केलेली असावी. दोघे एकाच वेळी हजर असायला हवेत असे नाही. आत काय लिहिले आहे हे साक्षीदाराला कळायलाच हवे, असेही नाही. हिंदूंच्या मृत्युपत्रांना हा नियम देशभर लागू झाला तो १ जानेवारी १९२७ पासून. कोलकाता आणि मुंबई शहरात तो १८७०च्या कायद्यापासूनच होता. त्याआधी साताऱ्यासारख्या ठिकाणी हिंदू माणसाचे तोंडी मृत्युपत्रसुद्धा चालून जाई, आणि त्यातून काय काय भानगडी होत असतील याची कल्पना तुम्हीच करा. ब्योमकेशच्या वेळेपर्यंत मात्र कागद, सही आणि दोन साक्षीदार याला पर्याय उरला नव्हता.

आता जाऊबाई. नवा कागद फाडला की जुना जिवंत होतो, असे त्यांना वाटते. मृत्युपत्र रद्द होते ते नंतरच्या रीतसर मृत्युपत्राने, किंवा ते रद्द केल्याच्या रीतसर लेखाने, किंवा करणाऱ्याने रद्द करण्याच्या हेतूने ते जाळल्याने, फाडल्याने, नष्ट केल्याने. फाडायचे काम दुसऱ्याने केले तरी चालते, पण ते करणाऱ्याच्या समक्ष आणि त्याच्या सांगण्यावरून झाले पाहिजे. शिवाय एकदा रद्द झालेले मृत्युपत्र आपोआप पुन्हा उभे राहत नाही. समजा, एखाद्याने जानेवारीत एक मृत्युपत्र केले. मार्चमध्ये ‘पूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ असे लिहून दुसरे केले आणि एप्रिलमध्ये पश्चात्ताप होऊन मार्चचे टराटरा फाडले. जानेवारीचे त्याने परत येत नाही. ते पुन्हा सह्या आणि साक्षीदारांसकट करावे लागते. ते राहून गेले आणि माणूस मेमध्ये वारला, तर कायद्याच्या नजरेत तो मृत्युपत्र न करताच गेला. सतत कागद बदलणाऱ्या तापट माणसाच्या घरी हा धोका खरोखर असतो.

अशा वेळी मालमत्ता जाते कायद्याने ठरवलेल्या वारसांकडे. आजच्या कायद्यात निपुत्रिक, जोडीदार नसलेला हिंदू पुरुष असा गेला आणि आईवडील, भावंडे वगैरे जवळचे कोणी मागे नसले, तर सख्ख्या भावंडांची मुले आणि मुली सारखे वाटेकरी होतात. काकांचा लाडका कोण आणि नावडता कोण, हे कोणी विचारत नाही.

याच ओघात पडद्यावरचा एक ठरीव प्रसंग. खलनायक तिजोरी उघडतो, मृत्युपत्र शेगडीत टाकतो आणि हसतो. कायद्याच्या दृष्टीने त्याने फक्त एक गुन्हा केला. मृत्युपत्र रद्द झाले नाही, कारण करणाऱ्याचा तसा हेतूही नव्हता आणि हुकूमही नव्हता. नक्कल किंवा मसुदा सापडला तर त्यावरून, आणि तोही नसेल तर मजकूर इतर पुराव्याने सिद्ध करून, कोर्टातून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा दाखला, मिळवता येते. पेनाने एक नाव खोडून वर दुसरे लिहिले, तर तेही सह्या-साक्षीशिवाय फुकट. दुसरा ठरीव प्रसंग मृत्युपत्राच्या वाचनाचा. सगळे नातेवाईक दिवाणखान्यात जमलेले, वकीलसाहेब चष्मा पुसतात आणि लाखेची मोहर फोडतात. नाट्य म्हणून हे झकास आहे, पण असे वाचन कायद्याने कुठेच सांगितलेले नाही. करालीबाबूंच्या कोलकात्यात खरा टप्पा होता कोर्टाच्या प्रोबेटचा, आणि तिथे वारसांना नोटीस जाऊन हरकती ऐकल्या जात. प्रोबेट देणारे कोर्टही ‘हे मृत्युपत्र खरे आणि शेवटचे’ एवढेच ठरवते. अमुक जमीन मुळात त्याच्या मालकीची होती का, हा वाद निराळा चालवावा लागतो.

विलायती मालिका पाहणाऱ्यांचा आणखी एक घोटाळा होतो. अगाथा ख्रिस्तीच्या ‘टेकन ॲट द फ्लड’ या कादंबरीवरचा प्वारोचा भाग डेव्हिड सुशे यांच्या मालिकेत २००६ मध्ये आला. त्यात घराण्याचा पोशिंदा असलेला श्रीमंत भाऊ अचानक एका तरुणीशी लग्न करतो आणि नवे मृत्युपत्र करण्याआधीच मरतो. आजवर त्याच्या पैशावर निर्धास्त जगलेले सगळे नातेवाईक एका रात्रीत हवालदिल, आणि सगळा पैसा नव्या बायकोचा. का? तर इंग्लंडच्या कायद्यात लग्न केले की आधीचे मृत्युपत्र रद्द होते. आपल्या १९२५च्या वारसा कायद्यातही असेच कलम आहे, पण ते हिंदूंना लागू नाही. हिंदू माणसाने लग्नाआधी केलेले मृत्युपत्र लग्नानंतरही तसेच राहते, मग नव्या नवरीला ते आवडो वा न आवडो.

गोव्याची तऱ्हा याहूनही वेगळी. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला नियम नव्या वारसा कायद्यातही आहे. मुले-नातवंडे, ती नसतील तर आईवडील, यांच्यासाठी निम्मी मालमत्ता राखीव असते आणि मृत्युपत्र चालते ते उरलेल्या निम्म्यावर. पोटच्या मुलाला रागाच्या भरात पूर्ण वगळायची सोय पणजीत नाही. मुस्लिम कायद्यातही इतर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. मामंजींना राहायला आवडेल अशी ठिकाणे आहेत, एवढेच यातून म्हणायचे.

आता तुमची शंका. खुन्याला वारसा मिळत नाही. १९५६च्या कायद्याचे कलम २५ सांगते, की जो खून करतो किंवा खुनाला चिथावणी वा मदत देतो, तो मृताचा वारस होऊ शकत नाही. मृताच्या आधीच तो मेला असे धरून वाटणी होते. त्याची बायको ‘मग त्याचा हिस्सा मला द्या’ असेही म्हणू शकत नाही. वडिलांचा खून केलेल्या मुलाच्या बायकोचा तसा दावा सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळला. करालीबाबूंच्या काळात हे कलम नव्हते, तत्त्व मात्र होते, आणि ते ठरले आपल्याच मुंबई इलाख्यातल्या एका खटल्यात. मुंबई उच्च न्यायालयातून प्रिव्ही कौन्सिलकडे गेलेल्या केंचवा विरुद्ध गिरिमल्लप्पा या अपिलात १९२४ मध्ये निकाल झाला, की हिंदू धर्मशास्त्रात असे लिहिलेले असो वा नसो, न्याय आणि सद्‌सद्विवेकाच्या तत्त्वावर खुनी वारस होऊ शकत नाही, आणि त्याच्यामार्फतही कोणाला हक्क सांगता येत नाही. वकिली शिकलेल्या लेखकाला हे ठाऊक नसणे शक्य नाही.

मग खून करतात कशाला? पकडले जाणार नाही अशी खात्री असते म्हणून, हे उत्तर सोपे आहे आणि अर्धेच आहे. उरलेल्या अर्ध्यात रहस्यकथाकारांची खरी करामत. मृत्युपत्र कधीही बदलता येते, म्हणून ज्याचे नाव आज त्यात आहे त्याला घाई असते. उद्या नाव गेले तर? इथे खुनाची वेळ तारखेवर ठरते, आणि ब्योमकेश काय किंवा प्वारो काय, शेवटचा कागद कोणत्या दिवशी झाला आणि तो कोणाकोणाला ठाऊक होता, हे आधी विचारतात ते याच कारणाने. आता दुसरा नियम त्याला जोडा. खुन्याचा वारसा जातो. म्हणजे ज्याचे नाव मृत्युपत्रात आहे तोच खुनी ठरला, तर त्याचा हिस्सा मोकळा होतो आणि इतरांकडे वळतो. मग ज्याचे नाव कागदात नाही त्याच्यासाठी सगळ्यांत फायद्याचा खून कोणता? म्हाताऱ्याला मारायचे आणि पुरावे मृत्युपत्रातल्या माणसाच्या खोलीत ठेवायचे. एकाच घावात मालक जातो आणि वाटेकरीही जातो.

म्हणून अशा गोष्टींत ‘फायदा कोणाचा’ हा प्रश्न दोनदा विचारावा लागतो. पोलीस एकदाच विचारतात, ज्याला पैसे मिळणार त्याला पकडतात आणि मिशीवर ताव देतात. पकडलेला माणूस शिक्षा झाली तर काय गमावील आणि ते कोणाकडे जाईल, हे विचारायला ब्योमकेश लागतो. ‘वसीयत’मध्ये याचे उत्तर काय निघते ते पुन्हा एकदा भाग लावून पाहा. या वेळी सुईपेक्षा कागदांकडे जास्त लक्ष ठेवा.

राहता राहिले चुलत सासऱ्यांचे वहीचे पान. चालेल. वही असली तरी हरकत नाही, स्वतःच्या हातचे असेल तर उत्तमच. फक्त त्याखाली त्यांची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत का, हे त्यांनाच विचारा. नसतील तर तो कागद आज मृत्युपत्र नाही. साक्षीदार शक्यतो त्यांच्याहून वयाने लहान आणि गावातलेच निवडा, कारण पुढे कोर्टात सिद्ध करायची वेळ आली तर दोघांपैकी हयात असलेल्या एकाला तरी साक्षीला उभे राहावे लागते. ज्याला मालमत्ता मिळणार त्यालाच साक्षीदार करू नका. हिंदूंच्या बाबतीत त्याने मृत्युपत्र रद्द होत नाही, पण भांडणाला निमित्त मिळते. कपाटाचा भरवसा वाटत नसेल तर बंद लिफाफ्यात ते जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय आहे. वाडा वडिलोपार्जित असेल, तर मात्र सही करण्याआधी साताऱ्यातल्याच एखाद्या दिवाणी वकिलाला सात-बारा आणि जुने वाटणीपत्र दाखवून घ्या, कारण तिथे मामंजींचे म्हणणे खरे ठरण्याची शक्यता बरीच आहे.